थंड प्लग, गरम प्लग

साहित्याच्या विद्यार्थिनीने स्पार्क प्लगवर लेख लिहायचा म्हटल्यावर मंडळातल्या मैत्रिणी हसल्या. हसू देत. पण या सत्रात मी सगळ्यांत बारकाईने काय वाचलं असेल, तर ते आमच्या गाडीचं मॅन्युअल. त्याला कारणही तसंच होतं.

पप्पा बोटीवर असतात, एकदा गेले की सहा-सात महिने. बेळगावात मम्मी आणि मी. आजी म्हापशाला एकटीच, ऐंशी ओलांडलेली. दर दुसऱ्या शनिवारी मम्मी चोर्ला घाटातून तिच्याकडे जाते, आणि मधेच रात्री-अपरात्री फोन आला तर तशीच निघते. गाडी लहान. तीन सिलिंडर, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, वर टर्बो. ऑक्टोबरमध्ये म्हापशाहून परत येताना केरी मागे पडून चढ सुरू झाला की ती आचके द्यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटके, सोडला की शहाण्यासारखी. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लुकलुकायचा. सपाटीला आली की काही झालंच नाही असा आव.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीमामांनी कॉइल एकमेकांच्या जागी बदलून बघितल्या, त्या ठीक निघाल्या. मग तिन्ही प्लग काढले. "हे बघ की पोरी, टोकं झिजून गोल झाल्यात. आता ही लोडवर मिस मारणारच." फीलर गेजने मोजलं तर प्लगच्या दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, १.१ मिलिमीटर. मॅन्युअलमध्ये ०.७ ते ०.८ लिहिलंय.

एवढ्याशा फरकाने काय होतंय, असं मम्मीला वाटलं. पण घाटातच का, याचं उत्तर त्या फटीतच आहे. टर्बो सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो. हवा जितकी दाबलेली, तितकं ठिणगीला फट ओलांडणं अवघड. कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. सपाट रस्त्यावर टर्बोवर ताण नसतो, तेव्हा रुंदावलेली फटही ठिणगी पार करते. चढाला तीच फट तिला झेपत नाही. पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. दिवा लुकलुकतो तो त्याचाच इशारा. म्हणजे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायची सोय नव्हती.

गाडीबद्दलचे निर्णय आमच्या घरात पप्पांचे. पण त्या आठवड्यात बोट मधल्या समुद्रात, फोन लागत नव्हता. आणि सल्ले तर चहूकडून यायला लागले. दुकानदार म्हणाला, साधे निकेलचे घ्या, तीन मिळून सहाशेच्या आत बसतील. एक दादा म्हणाला, टर्बो आहे ना, मग एक नंबर थंड प्लग टाका, रेसवाले तसंच करतात. रविवारी मिस्सानंतर एका अंकलनी दुसऱ्याच कंपनीचं नाव सांगितलं. नंबर तोच बघून घ्या म्हणाले.

मी एकेक तपासत गेले. आधी हे 'थंड' आणि 'गरम' काय प्रकरण आहे ते. प्लगचं टोक इंजिनच्या आगीत असतं. ती उष्णता टोकाभोवतीच्या चिनी मातीतून आणि बाहेरच्या धातूतून इंजिनच्या हेडमध्ये उतरते. चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णतेची वाट लांब, टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, हा थंड. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८०० च्या पलीकडे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटू शकतं, आणि त्याने पिस्टनची वाट लागते.

हे मी मम्मीला समजावत होते. ती नारळ खवत होती. म्हणाली, "म्हणजे पपईसारखंच की गं. पपई फ्रिजमधली खाल्ली तरी उष्णच. हाताला काय लागतं ते नाही बघायचं, प्रकृती बघायची."

मॅन्युअलच्या इंग्रजीत मला दोन दिवस जे नीट धरता येत नव्हतं, ते तिने एका शब्दात सांगितलं. प्रकृती. आणि प्रकृती एकट्या प्लगची बघून भागत नाही, इंजिनचीही बघावी लागते. टर्बो इंजिनला तसाही साध्या इंजिनपेक्षा थंड प्लग लागतो, पण तो हिशोब कंपनीने आधीच करून नंबर दिलेला असतो. रेसवाले इंजिनमध्ये फेरफार करून ताकद वाढवतात, म्हणून त्यांना आणखी थंड लागतो. आमची गाडी पंधरा दिवसांतून एकदा घाट चढते. बाकीचे दिवस कँप ते टिळकवाडी, मार्केट, कॉलेज. इतक्या छोट्या फेऱ्यांत जास्त थंड प्लग तापणारच नाही, त्यावर काजळी धरेल. दादांचा सल्ला बाद.

अंकलचा सल्ला तर भाषांतराच्या तासाला उदाहरण म्हणून द्यावा असा. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांमध्ये नंबर जितका मोठा तितका प्लग थंड, पण एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२. जर्मनीच्या बॉशमध्ये सगळं उलटं, मोठा नंबर म्हणजे गरम. अंक तोच, अर्थ विरुद्ध. मराठीतली 'शिक्षा' हिंदीत शिक्षण होते, तसंच काहीसं. कंपनी बदलायची तर नंबर नाही, तक्ता बघायचा.

राहिला दुकानदार. तो खोटं बोलत नव्हता. बरोबर प्रकृतीचा आणि बरोबर गॅपचा निकेल प्लगही गाडी नीट चालवतो. पण निकेल साधारण १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४०० च्याही पुढे. इरिडियम कठीणही आहे, म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक करता येतं, त्यावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते आणि फट लवकर वाढत नाही. निकेलची फट लवकर वाढते आणि टर्बोला वाढलेली फट चालत नाही, हे आम्ही घाटात बघितलंच होतं. मॅन्युअलमध्येही इरिडियमच लिहिलेलं. तिघांचे मिळून अडीच हजार.

मम्मीने थोडा वेळ हिशोब केला. मग म्हणाली, "रात्री दोन वाजता घाटात मला मनात शंका नको. पुस्तकात आहे तोच नंबर आण."

मामांनी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. प्रत्येक प्लगची गॅप तारेच्या गेजने नुसती तपासली. इरिडियमचं टोक ठिसूळ, त्याला ठोकाठोकी चालत नाही. आधी हाताने आटे बसवले, मग टॉर्कचा पाना. "हेड अ‍ॅल्युमिनियमचं हाय. जोर दाखवलास की आटे गेले." मॅन्युअलमधला आकडा मी वाचून दाखवला, त्यांनी पाना लावला.

पुढच्या शनिवारी परत येताना केरीनंतरचा चढ मम्मीने तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. दिवा लागला नाही. दोघीही काही बोललो नाही, फक्त माझ्या लक्षात आलं की तिने रेडिओ लावलाय. घाटात ती कधी लावत नाही.

मंगळवारी पप्पांचा फोन आला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "गॅप किती ठेवलीय?" मी तोंड उघडायच्या आत मम्मी भाकरी उलटत म्हणाली, "पॉइंट सात पाच. आणि इरिडियम आहेत, ठोकायचे नसतात." मग भाताचं पाणी उतू जातंय म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला.