प्रुफ्रॉक कोणाशी बोलतो?

कवितेतील ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे वाक्य पदव्युत्तर वर्गात सर्वांना पाठ असते. उत्तरपत्रिकेत मात्र ‘कवी म्हणतो’ हेच शब्द सर्रास उतरतात. एलियटचा प्रुफ्रॉक या सवयीची चांगलीच परीक्षा पाहतो. विरळ होत चाललेल्या केसांची धास्ती घेतलेला हा गृहस्थ १९१०-११ मध्ये ज्याने घडविला, तो कवी तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता.

पण ‘हा मुखवटा आहे’ असे म्हणून थांबणे हीही पळवाटच. ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’ (१८४२) मध्ये ड्यूकसमोर नव्या सोयरिकीसाठी आलेला दूत आहे. त्याच्यावर छाप पाडण्याच्या भरात ड्यूक स्वतःलाच उघडे करतो. नाट्यात्म एकोक्तीतील नाट्य संभवते ते या श्रोत्यामुळे. प्रुफ्रॉकचा ‘तू’ कोण, हे मात्र अखेरपर्यंत निश्चित होत नाही. तो सोबती असेल, वाचक असेल, कदाचित त्याच्याच मनाचा दुसरा भाग असेल.

कवितेच्या शिरोभागी दान्तेच्या ‘इन्फर्नो’मधील ग्विदोचे उद्गार एलियटने उगाच ठेवलेले नाहीत (आपल्याकडे ते बहुधा न वाचताच ओलांडले जातात). नरकातून कोणी जिवंत परतत नाही, या समजुतीवरच ग्विदो आपले पाप सांगतो. आणि समोर उभा असलेला दान्ते तर परतणारच असतो. श्रोत्याविषयीचा हा गैरसमज नसता, तर कबुलीही नसती. १९१५ मध्ये ‘पोएट्री’ मासिकात ही कविता छापली गेली, तेव्हापासून प्रुफ्रॉकचा असाच भरवसा प्रत्येक वाचक मोडीत आला आहे.