राहिलेली तीन अक्षरे



या अंकाच्या पहिल्या पानावरचे चित्र तुम्ही लगेच ओळखले असेल. पोर्ट केम्बलाच्या उंच चिमणीवर एक चिमणी बसली आहे आणि खाली लिहिले आहे, 'च चिमणीचा'. हे चित्र आपल्या मावशीचे. मुले तिला नुसते मावशी म्हणत, आणि हळूहळू आम्ही मोठी माणसेही तेच म्हणू लागलो. अंकात आपले नाव छापलेले तिला आवडत नसे. "चित्र ओळखता आलं की झालं," असे ती म्हणायची. म्हणून आजही आम्ही तिचे नाव लिहीत नाही. गेल्या डिसेंबरात ती कॅन्सरने गेली. हा लेख आम्हा सगळ्या पालकांचा आहे. एकाने लिहिला, दुसऱ्याने खोडला, तिसऱ्याने भर घातली.

वॉलॉंगॉंगचा आपला वर्ग सुरू झाला तेव्हा मुलांसाठी भारतातून आणलेली अंकलिपी होती. 'ख खटाऱ्याचा', 'ग गडूचा', 'उ उखळाचा'. मुले विचारायची, खटारा म्हणजे काय? एक अक्षर शिकवायला आधी बैल, मग गाडी, मग गाव समजावून सांगावे लागे. मावशी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली. पुढच्याच रविवारी ती चार कागद घेऊन आली. 'क कोआलाचा', 'म मॅग्पायचा', 'प पांगाऱ्याचा', म्हणजे आपण पांगारा म्हणतो तो, आपल्या डोंगरउतारावर उन्हाळ्याच्या तोंडाशी लालभडक फुलणारा फ्लेम ट्री. 'द दीपगृहाचा' या कागदावर आपल्या बंदरावरची दोन्ही दीपगृहे होती, कारण एकच काढले तर दुसरे रुसेल असे तिचे म्हणणे. अशी एकेक करून आपली स्वतःची अंकलिपी तयार होऊ लागली.

पोर्ट केम्बलाची ती १९८ मीटर उंच चिमणी २०१४ च्या फेब्रुवारीत पाडली. तेव्हा एका मुलाने विचारले, आता 'च' चे चित्र बदलायचे का? मावशी म्हणाली, "अरे, मग आपली चिमणी बसणार कुठे? राहू दे." चित्र राहिले.

ती किती धरून राहणारी होती, याची एकच गोष्ट सांगतो. एका वर्षी हिवाळ्यात वर्गाला गळती लागली. काही कुटुंबे सिडनीला गेली, काहींचे फुटबॉल सुरू झाले. एका रविवारी फक्त दोन मुले आली. बाहेर धो धो पाऊस. मावशी मात्र बारा प्रती काढून घेऊन आली होती. आम्ही म्हटले, "दोघांसाठी बारा?" ती म्हणाली, "बाकीची येतील." पुढची सहा आठवडे ती बारा प्रती आणत राहिली, आणि खरेच, मुले परत आली. आमच्यापैकी कुणाचे वडील भारतात वारले, कुणाची नोकरी गेली, तेव्हाही पिठले-भाताचा डबा घेऊन दारात पहिली तीच उभी असे.

फोटोकॉपीचे मशीन गरम होईपर्यंत ती आम्हाला गोष्टी सांगायची. "आपला अंक गरीब आहे, पण खानदानी आहे," असे म्हणून ती १९५४ सालच्या मुंबईत जायची. तेव्हा दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या तरुण मित्रांनी 'शब्द' नावाचे छोटे मासिक काढले होते, तेही छापखान्यात नव्हे, सायक्लोस्टाइल करून. मुलांनो, सायक्लोस्टाइल म्हणजे मेणकागदावर अक्षरे कोरायची आणि त्यावरून शाईचा रूळ फिरवून प्रती काढायच्या.

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे. तेही जे. जे. मध्ये शिकलेले, जाहिरातींच्या व्यवसायात चित्रकार, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांतले मोठे कवी. १९७७ नंतर त्यांचे नवे मराठी पुस्तक यायला बरीच वर्षे गेली. 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' ही त्यानंतरची. पुढे त्यांना पोटाचा कॅन्सर झाला. त्यांचे जुने मित्र अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने २००४ साली 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्पसत्र' ही त्यांची दोन इंग्रजी पुस्तके काढली. २५ सप्टेंबर २००४ ला कोलटकर पुण्यात गेले, पण ती पुस्तके त्यांच्या हयातीत निघाली होती. उरलेल्या कवितांचे काम त्यांचे कवीमित्र अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी केले आणि ते पुस्तक २००९ मध्ये आले. 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा तो घ्यायला कोलटकर नव्हते. चित्रेही २००९ च्या डिसेंबरात कॅन्सरनेच गेले.

मावशी म्हणायची, "मित्र असावेत तर असे. हार घेऊन येणारे पुष्कळ असतात, प्रुफं घेऊन येणारे थोडे."

आमच्या हातून मात्र तसे झाले नाही, आणि तेच आज कबूल करायचे आहे. मावशीच्या अंकलिपीत तीन अक्षरे राहिली होती : ळ, क्ष आणि ज्ञ. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "या रविवारी दोघी-तिघी या. चित्रं ठरवू. मला आता ब्रश फार वेळ धरवत नाही." आम्ही हॉल, चकल्या आणि मुलांचे नाटुकले यांत बुडालेलो. म्हटले, "दिवाळी होऊ दे, मग निवांत बसू." दिवाळी झाली आणि ती हॉस्पिटलात गेली. आम्ही रोज पाळीपाळीने जात होतो, सूप नेत होतो, पाय दाबत होतो. पण कागद आणि पेन्सिल घेऊन कुणीच गेले नाही. डोंगरावर पांगारा फुलला होता, तेव्हा ती गेली.

एक गोष्ट छापा असे तिने स्वतः सांगितले होते. तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. ऑस्ट्रेलियात ५० ते ७४ वयाच्या सर्वांना दर दोन वर्षांनी सरकारकडून तपासणीचा संच टपालाने घरी येतो, फुकट. जुलै २०२४ पासून ४५ ते ४९ वयाच्या लोकांनाही तो मागवता येतो. घरच्या घरी शौचाचा नमुना घेऊन पाठवायचा, एवढेच. डोळ्यांना न दिसणारे रक्तही त्यात कळते. हा आजार लवकर सापडला तर दहापैकी नऊहून अधिक जण बरे होऊ शकतात. मावशीचा लिफाफा खडूंच्या खणात तळाशी पडून होता. "अंकासाठी वेळ काढला, त्या लिफाफ्यासाठी नाही काढला. सगळ्यांना सांगा," असे ती म्हणाली. पालकहो, सांगितले. आज घरी गेल्यावर आपापले खण उघडून पाहा.

उरलेली अक्षरे आता मुलांनी हाती घेतली आहेत. 'ळ' वर बराच वाद झाला. आपल्यातली निम्मी मुले अजून 'ळ'ला 'ल' म्हणतात, आणि 'ळ'ने सुरू होणारा शब्द कुणालाच सापडेना. शेवटी सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, "ळ पुढे येत नाही, तो मागे उभा राहतो. मावशीसारखा." मग 'ळ शाळेचा' ठरले. चित्रात आपला हॉल आहे, पाऊस आहे, आणि दारात बारा कागद हातात धरलेली एक बाई आहे. 'क्ष क्षितिजाचा' हे चित्र दोन भावांनी काढले. समुद्रात उभी असलेली जहाजे त्यांनी मोजून सात काढली आहेत.

'ज्ञ' अजून कोरा आहे. या पानाच्या खाली रिकामी चौकट ठेवली आहे. मुलांनो, तुम्हाला सुचेल ते काढा आणि याच रविवारी आणा. पुढच्या रविवारी नको.

— आपल्या वर्गाचे पालक, वॉलॉंगॉंग