पुतण्याची रायफल आणि माझं भिंग

सध्या आमच्या गोतावळ्यात एक विषय जोरात आहे. अमेरिकेतल्या पुतण्याने शिकारीची रायफल घेतली! तो कोलोरॅडोत राहतो. तिथलं शिकारीचं प्रशिक्षण त्याने रीतसर पूर्ण केलं, सोडतीत हरणाचा परवाना लागला, आणि येत्या हंगामात तो मित्रांबरोबर डोंगरात जाणार आहे. रायफल ठरली, पण तिच्यावर बसवायची दुर्बीण काही ठरेना. म्हणून त्याने मला विचारलं, "काका, तुम्ही आयुष्यभर शाळेत भिंगं शिकवलीत. तुम्हीच सांगा."

यावर त्याच्या आत्याचं, म्हणजे माझ्या बहिणीचं म्हणणं असं : "दादा, माळकऱ्याच्या घरातलं पोरगं ते. अन् तू त्याला दुर्बीण निवडून देतोस? कामून?"

बहिणीचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण दुर्बिणीचं गणित मांडता मांडता मला वाटायला लागलं, की तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच गणितात आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. पुतण्या वाचेल, बहीणही वाचेल.

आमच्या साखऱ्यात (तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली) असा प्रश्न कुणाला पडणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार आपल्याकडे बंदच झाली. रोही हरभरा खाऊन जातात, रानडुकरं भुईमूग उकरतात, तेव्हा शेतकऱ्याने वन खात्याकडे अर्ज करायचा, पंचनामा करून घ्यायचा, नुकसानभरपाईची वाट बघायची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी बंदुकीच्या परवान्याची सोय आहे, पण ती मुळात ठासणीच्या बंदुकीची. तिच्यावर दुर्बीण बसवायचं कुणाच्या मनातही येणार नाही. त्यामुळे "लांब पल्ल्याची हलकी रायफल" हे शब्द मी पुतण्याच्याच तोंडून ऐकले. बंदुकीतलं मला कळत नाही. भिंगातलं थोडंफार कळतं, तेवढ्यावर बोलतो.

आधी वजन. रायफल हलकी कशाला? कारण तिथला डोंगर दहा हजार फुटांचा, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंच. पाठीवर सामान आणि विरळ हवा. त्याची रायफल अडीच किलोची आहे. दुकानदाराने सुचवलेली दुर्बीण पाच ते पंचवीस पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५६ मिलिमीटरचं, वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास. तीन ते नऊ पटीची, ४० मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण साडेतीनशे ग्रॅमला मिळते. पाऊण किलोचा फरक! रायफलीत पाऊण किलो कमी करायला त्याने जादा डॉलर मोजले, आणि तेच वजन आता तो दुर्बिणीच्या रूपात परत चढवणार. शिवाय हे वजन नळीच्या वर, उंचावर बसतं. हलकी रायफल त्याने वरून जड होते आणि हातात कलते.

दुसरी गोष्ट धक्क्याची. आठवीच्या पोरालाही सांगता येईल : गोळी पुढे, बंदूक मागे. बंदूक जितकी हलकी तितकी ती जोरात मागे येणार. तेच काडतूस चार किलोच्या रायफलीतून उडवलं आणि अडीच किलोच्या रायफलीतून उडवलं, तर दुसरीच्या धक्क्याची ऊर्जा सुमारे १.६ पट भरते. दुर्बिणीची मागची कड डोळ्यापासून अगदी जवळ असली तर ती भुवईवर आदळते, आणि अशी अर्धचंद्राची खूण कपाळावर मिरवणारे शिकारी तिकडे पुष्कळ असतात म्हणे. म्हणून डोळा आणि भिंग यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल, अशीच दुर्बीण घ्यायची. जाहिरातीत पट मोठ्या अक्षरांत असते, हे अंतर बारीक अक्षरांत. हलक्या रायफलीला मात्र आधी तेच बघावं.

आता पट. "काका, पंचवीस पट म्हणजे जास्त चांगलं ना?" हा सगळ्यांचाच समज. शाळेत सूक्ष्मदर्शक आणला की पोरं आधी सगळ्यात मोठं भिंग लावायची आणि मग "सर, काहीच दिसत नाही" म्हणायची. तसंच हे.

पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढं साधं गणित आहे. उत्तर येतं ते दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ४० ला ९ ने भागलं तर साडेचार मिलिमीटर. ५६ ला २५ ने भागलं तर सव्वादोन. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्यासारख्याची पाचच्या आसपास. कोलोरॅडोत शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. हरणं बाहेर पडतात तीही नेमकी अशाच कातरवेळी. बाहुली पुरी उघडून बसलीय आणि दुर्बीण सव्वादोन मिलिमीटरचा झोत देतेय, म्हणजे रांजणाच्या तोंडाशी झारीने पाणी. पट कमी केली की चित्र उजळतं. ४० ची दुर्बीण सहा पटीवर आणली की साडेसहा मिलिमीटर, डोळ्याला हवं तेवढं.

पट वाढली की दिसणारा परिसरही आक्रसतो. शंभर मीटरवर तीन पटीला दहा मीटर रुंदीचं रान दिसतं, नऊ पटीला चार, पंचवीस पटीला जेमतेम दीड. हरिण एक उडी मारून चित्राबाहेर गेलं की शोधत बसा! हाताचा कंपही पंचवीस पटीने दिसतो आणि तापल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटाही. त्या लाटांना इंग्रजीत जो शब्द आहे, त्याला आपण मृगजळ म्हणतो. मृगाची गंमत मृगजळाने करावी तसं.

मग एवढ्या मोठ्या दुर्बिणी विकल्या कशाला जातात? लांबवर कागदी नाहीतर लोखंडी निशाणावर नेम धरणाऱ्यांसाठी. त्यांची रायफल जड असते, जमिनीवर टेकवलेली असते, दुपारचा उजेड असतो, आणि चुकलं तर निशाण तक्रार करत नाही.

इथून बहिणीच्या प्रश्नाला सुरुवात होते.

पुतण्याचं काडतूस ६.५ क्रीडमूर. दोनशे यार्डांवर नेम जुळवला तर गोळी तीनशे यार्डांवर साधारण वीतभर खाली लागते. पाचशेवर मीटरभराहून खाली. दुर्बिणीच्या चकतीचा एक टिचका म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा चौथा हिस्सा, शंभर मीटरवर सात मिलिमीटर. तेवढे टिचके मोजून फिरवले की खाली जाणं भरून काढता येतं. इथवर गणित हुकमी आहे. पण ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा पाचशे यार्डांवर गोळीला फूट-सव्वा फूट सरकवतो, आणि तो वारा तुमच्यापाशी वेगळा, मधल्या घळीत वेगळा, हरणापाशी वेगळा. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा मोठी वीतभर. शिवाय गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हरिण एक पाऊल टाकतं. गोळी काळजाऐवजी पोटात बसते, आणि जखमी जनावर डोंगर उतरून कुठे जाऊन मरतं, कुणाला पत्ता लागत नाही.

यावरचा उपाय कुठल्याच भिंगात नाही. दुर्बीण लांबचं जवळ दाखवते, पण वारा आणि वेळ जिथल्या तिथे राहतात.

म्हणून मी पुतण्याला उलट विचारलं : तू स्वतः कुठवर गोळी झाडणार, ते आधी ठरव. बसून, धापा टाकत, गार वाऱ्यात, दहापैकी दहा गोळ्या वीतभर चकतीत बसतात ते अंतर कुठलं? तो प्रामाणिक आहे. म्हणाला, अडीचशे यार्ड, फार तर तीनशे. मग झालं की! तीनशेसाठी नऊ पट भरपूर आहे. तेवढ्या अंतराला चकत्या फिरवायचीही गरज नाही. त्या टोपणाखाली बंद राहू दे, झुडपाला घासून नेम तरी हलणार नाही. पट बदलली की फुली लहानमोठी होणारी दुर्बीण घ्यायचीही गरज नाही, ती महाग आणि जड. फुलीच्या रेघा संधिप्रकाशात दिसतील एवढ्या जाड असल्या की पुरे.

अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला. जनावराला निसटायची रास्त संधी मिळालीच पाहिजे, हा त्या शिकाऱ्यांचा नियम. आपल्या सामानाची परीक्षा घ्यायला लांबून जिवंत जनावरावर गोळी झाडणं याला तो क्लब शिकारच मानत नाही. हे माळकऱ्याचं तत्त्वज्ञान नाही, हे मान्य. पण बहिणीने एवढं तरी बघावं, की मर्यादा तिकडच्यांनाही लागते.

आणि मर्यादा पाळूनही मोठं काम होतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत रायफलीवर मोठं दाखवणारी दुर्बीण चालत नाही. बारीक भोकातून बघायचं आणि पन्नास मीटरवरचं १०.४ मिलिमीटरचं वर्तुळ साधायचं, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढं! त्याची रायफल आठ किलोपर्यंत चालते, पुतण्याच्या तिप्पट. तिथे वजन स्थिर राहायला मदत करतं, बाकी सगळं श्वास आणि सराव.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मला साखऱ्यानेच शिकवली. रायफलीवरच्या दुर्बिणीतून जे बघाल, त्याच्यावर नळी रोखलेली असते. "ते काय हलतंय बघू" म्हणून दुर्बीण डोळ्याला लावली आणि तो माणूस निघाला, तर? आमच्याकडे रात्रीच्या लाईटला माणसं पाणी द्यायला जातात. कुणी आखाड्यावर झोपलेलं असतं, कुणी जागलीला बसलेलं. तुरीत खसफस झाली म्हणजे रोहीच असेल असं नाही, दारं मोडायला गेलेला शेजारीही असतो. आणि रायफलीची चुकलेली गोळी तीन किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. आमच्या सपाट रानात तेवढ्यात दुसरं गाव येतं. कोलोरॅडोत रायफलीच्या शिकाऱ्याला भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे आहेत ते उगाच नाही.

तेव्हा बघायची दुर्बीण वेगळी आणि नेमाची वेगळी. बघायला गळ्यात आठ पटीची, ४२ मिलिमीटरची दोन डोळ्यांची दुर्बीण ठेवायची. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा उजळ झोत. वजन पाऊण किलोच्या आतबाहेर. म्हणजे मोठ्या दुर्बिणीवर वाया जाणारं वजन इथे कारणी लागलं! जनावर कुठलं, नर की मादी, मागे टेकडी आहे की आभाळ, बाजूला कुणी आहे का, हे सगळं तिच्यातून ठरवायचं. ठरलं, की मगच रायफल उचलायची. माझ्याकडेही अशीच एक आहे. आखाड्यावरून मी तिच्यातून रोह्यांचे कळप मोजतो, आणि गडी "सर, मोजून काय करता, हाकला की" म्हणतो.

तर पुतण्या, तुझ्यासाठी थोडक्यात : तीन ते नऊ पट, ४० मिलिमीटर, वजन चारशे ग्रॅमच्या आत, डोळ्याचं अंतर नऊ सेंटिमीटरच्या वर, आत नायट्रोजन भरलेली, म्हणजे थंडीत भिंगावर आतून वाफ धरणार नाही. घेण्याआधी दुकानाबाहेर येऊन संध्याकाळच्या उजेडात बघ, दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच चांगल्या दिसतात. उरलेल्या पैशांत गळ्यातली दुर्बीण घे आणि काडतुसांचे दोन-चार डबे. हंगामाआधी ते सगळे कागदावर संपव. आणि परवाना मिळाला म्हणजे चाप ओढलाच पाहिजे असं नाही, हे आत्याच्या वतीने.