गाइड, प्रबंध आणि आमचे दाजी

प्रत्येक धंद्याची स्वतःची एक बोली असते. ती कळली नाही म्हणून आपले सहसा काही अडत नाही. सोनाराची गुंज ठाऊक नसतानाही बांगड्या होतात, आणि वकिलाने कैफियतीत काय लिहिले ते न समजताही दावा चालतो. पण आपल्याच घरातले पोर असल्या एखाद्या धंद्यात शिरते आणि सुटीत घरी येऊन ती बोली बोलू लागते, तेव्हा मात्र घरच्यांचे अडते. गेली चार वर्षे माझ्या ताईच्या घरी हेच चालले आहे. तिची थोरली मुलगी, म्हणजे माझी भाची, विद्यापीठात पीएच.डी. करते आहे.

मी स्वतः मॅट्रिक. हल्लीच्या भाषेत दहावी पास. शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तरी पुस्तकांशी संबंध असलेला असा आमच्या नात्यागोत्यात मी एकटाच. त्यामुळे विद्यापीठातून घरी येणारा प्रत्येक नवा शब्द अर्थ लावण्यासाठी माझ्याकडे धाडला जातो. धाडणारे आमचे दाजी. त्यांची उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इंजिने उघडण्यात गेली. कोणतीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही; मग ती वस्तू शब्द का असेना.

पहिला शब्द आला ‘डॉक्टर’. आमच्या गावात डॉक्टर म्हणजे सुई. ओव्यांचा अभ्यास करून माणूस डॉक्टर कसा होतो, हा दाजींचा प्रश्न. मी कोश काढला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निघाला ‘शिकवणारा’. म्हणजे मास्तरच की! आणि गंमत पाहा, एम.ए. मधले ‘मास्टर’ आणि आमच्या शाळेतले ‘मास्तर’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार. जुन्या युरोपात ही पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना होता. हे ऐकून मी जरा ताठ बसलो, हे खोटे कशाला सांगू?

दुसरा शब्द ‘गाइड’. दाजी म्हणाले, “गाइड आम्हांला ठाऊक आहे. पोरांना परीक्षेच्या आधी आणून देतो तेच ना?” शाळेतले गाइड म्हणजे सगळ्या प्रश्नांच्या उत्तरांचे पुस्तक. विद्यापीठातला गाइड, म्हणजे मार्गदर्शक, हा मात्र असा माणूस, की ज्याला तुमच्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसते. ते त्याला आधीच माहीत असते, तर संशोधन कशाला करायचे? उत्तर कसे शोधतात, कोणत्या वाटेला काटे आहेत, कोणता पुरावा टिकतो, एवढे त्याने सांगायचे, चालायचे विद्यार्थ्याने. म्हणून एका मार्गदर्शकाकडे फार विद्यार्थी देत नाहीत. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४. आमच्या वर्गात पन्नास असतात. पण आमच्याकडे उत्तरे तयार असतात.

खरे पाहता सगळी मेख इथेच आहे. बालवाडीपासून एम.ए. पर्यंत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते. पीएच.डी.त ते कुणालाच ठाऊक नसते. एवढी एक गोष्ट ध्यानात धरली की त्या बोलीतले बाकीचे शब्द आपोआप उलगडतात.

कधी कधी तर उत्तर मार्गदर्शकाच्या मनाविरुद्धही निघते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्यांपैकी. कवटीची ठेवण आणि माणसाचा वंश यांचा संबंध आहे, असे त्यांना दाखवून हवे होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्याच्यासमोर! गुण कमी मिळाले. पण पदवी मिळाली आणि निष्कर्ष त्यांचाच राहिला.

तिसरा घोटाळा विषयाचा. भाचीचा विषय एका तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्यांत भाऊ कसा येतो, हा. “एवढासा?” दाजी म्हणाले. एवढासाच, कारण विहीर खणायची तर सगळे शेत उकरून चालत नाही. आणि आपल्या आधी कोण कुठवर खणून गेले, तेही पाहावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. त्या डोंगराला वळसा घालून आपली नवी मूठ कुठली, हे भाचीला दाखवायचे आहे. तिला त्यासाठी फेलोशिप आहे. पात्रता परीक्षेतून निवडलेल्या कनिष्ठ फेलोला २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनी ज्येष्ठ झाल्यावर ४२ हजार. “सरकार ओव्या वेचायला पैसे देतं?” असे म्हणून दाजी बराच वेळ हसत होते. त्या हसण्यात थोडा अभिमानही होता.

पण शब्दांची मौज नेहमीच मौज राहत नाही. गेल्या वर्षी श्रावणात रात्री दहा वाजता दाजींचा फोन आला. आवाज उतरलेला. “मास्तर, पोरगी नापास झाली. तिसरं वर्ष संपत आलं आणि नापास. परवा जाऊन सामान घेऊन येतो. इथल्या शाळेत एक जागा निघाली आहे, तिथं चिकटवून देतो.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी ताईकडे गेलो. ताई चुलीपाशी गप्प. दाजींनी पिशवी भरून ठेवलेली. झाले होते ते असे : विद्यापीठात संशोधन सल्लागार समिती असते. विद्यार्थ्याने दर सहामाहीला तिच्यापुढे उभे राहून काय काम केले ते सांगायचे. त्या समितीने भाचीला दोन प्रकरणे पुन्हा लिहायला सांगितली होती. तिने फोनवर रडत ते आईला सांगितले. पुन्हा लिहायचे, म्हणजे पेपर गेला. पेपर गेला, म्हणजे नापास. शाळेच्या बोलीत हा हिशेब अगदी बरोबर आहे.

मी दाजींना म्हटले, “डॉक्टर आंबेडकरांचा प्रबंधही परीक्षकांनी परत पाठवला होता.”

दाजी चमकले. मी सांगू लागलो. लंडनला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध बदल करून मागितला गेला. बाबासाहेब मुंबईला परतले. तिथून त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ साली त्यांना डी.एस्‌सी. मिळाली. कोलंबियाची कथा तर आणखी लांब. तिथले शिक्षण आटोपून त्यांनी १९१६ साली अमेरिका सोडली. पण प्रबंध छापून प्रती दिल्याशिवाय तिथे पदवी देत नसत. पुस्तक निघाले १९२५ मध्ये आणि पीएच.डी. पदरात पडली १९२७ साली. मधल्या अकरा वर्षांत त्यांना कुणी नापास म्हटले असेल का?

दाजी पुष्कळ वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले. मग म्हणाले, “म्हणजे गाडी पासिंगला परत पाठवली म्हणायची. ब्रेक नीट करून आणा म्हणाले. भंगारात नाही काढली.”

इतका नेमका अर्थ मला कादंबरीकार असून सुचला नव्हता. दाजींनी पिशवी रिकामी केली. आतले लाडूंचे डबे तेवढे परत भरले आणि मुलीला भेटून आले. सामान तिथेच राहिले.

पुढची पायरी आता त्यांना तोंडपाठ आहे. प्रबंध सादर झाला की तो त्या विद्यापीठात नोकरी न करणाऱ्या किमान दोन तज्ज्ञांकडे जातो. हे बाह्य परीक्षक. मग मौखिकी. तिथे बाकीचे लोकही बसू शकतात. या साऱ्याला कमीत कमी तीन वर्षे आणि साधारण जास्तीत जास्त सहा. पुढे दोन वाढवून मिळतात, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन. “कधी संपणार?” या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच त्या पोरांना देता येत नाही. ती टाळत नसतात. जे अजून सापडलेले नाही ते अमुक तारखेला सापडेल, असे कोण सांगणार?

वाचकहो, तुमच्याही घरी फराळाला असे एखादे पोर बसलेले असेल. चकली मोडता मोडता चार मावश्या त्याला “कधी संपणार?” विचारतील आणि ते ताटात बघत राहील. त्याला एवढेच विचारा : “काय सापडलं?”

मागच्या भाऊबीजेला दाजींनीच हे विचारले. भाची आधी बावरली, मग बोलू लागली. तिच्या वहीत भाऊ आला अशा ओव्यांपेक्षा, भाऊ येईल म्हणून वाट पाहणाऱ्या ओव्या कितीतरी जास्त निघाल्या होत्या. ताई ओवाळणीचे ताट हातात घेऊन ऐकत होती. तिने ताट खाली ठेवले आणि आमच्या आजीची एक ओवी म्हटली. मग दुसरी. मग तिसरी. मला त्यांतली एकही ठाऊक नव्हती. भाचीने वही ओढली. ओवी, गाव, आजीचे नाव आणि ताईचे नाव, सगळे लिहून घेतले.

“हिचं नाव छापून येणार?” दाजींनी विचारले.

“येणार तर. माहितीदार म्हणून.”

ताईने ताट उचलले आणि माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता लेकीला विचारले, “आणि हा हुद्दा मिळवायला किती शिकावं लागतं गं?”