पारा कमी, घाम जास्त

नागपूरचा माणूस मे महिन्यात कोलकात्याला निघाला, की घरचे त्याला धीर देतात, ‘तिथला पारा आपल्यापेक्षा पाच-सहा अंशांनी खालीच असतो.’ पण हावडा स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच त्याला कळते, की पारा अर्धीच गोष्ट सांगतो. खिशातला रुमाल भिजतो, तो वाळतच नाही.

शरीर थंड होते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर घाम वाळल्यामुळे. बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे हवेत बाष्प भरतात. अशा हवेत घाम अंगावरच राहतो आणि आतली उष्णता आतच कोंडते. नागपुरात खोली गारेगार करणारा वाळ्याचा कूलर इथे फक्त दमटपणा वाढवतो. माठातले पाणीही तितके गार होत नाही.

कोलकात्याने यावर आपले उपाय शोधले आहेत. जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांची झडपे असतात. ऊन अडते, वारा आत येतो. भाजलेल्या कैरीचे ‘आम पोडार शोरबोत’ म्हणजे आपल्या पन्ह्याचे भावंडच. जोडीला शहाळे आणि रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला ‘पांता भात’. संध्याकाळी माणसे हुगळीकाठच्या प्रिन्सेप घाटावर वारा खायला जमतात. एखाद्या दिवशी वायव्येकडून काळे ढग चालून येतात, ‘कालबैशाखी’चे वादळ सुटते आणि घटकाभरात हवा निवते.

इंग्रज सरकारने १८६४ पासून उन्हाळ्यात सिमल्याचा रस्ता धरला. हातरिक्षा ओढणाऱ्याला किंवा बडाबाजारातल्या हमालाला असा सिमला कधीच नव्हता. त्यांना दुपार टाळता येत नाही. त्यातच १९५० ते २०१८ या काळात शहराचे तापमान सुमारे २.६ अंशांनी वाढल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालात आहे.

प्रवाशाने शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. उन्हाळ्यातच जाणे झाले, तर मैदान आणि व्हिक्टोरिया मेमोरियलचा परिसर सकाळी लवकर पाहावा, दुपार इंडियन म्युझियमच्या सावलीत काढावी. सुती, सैल कपडे घालावेत, मीठ-लिंबाचे पाणी घेत राहावे. चक्कर आली, बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि डॉक्टर गाठावा.

आणि भरदुपारी रिक्षा केलीच, तर भाड्यात घासाघीस न करता ओढणाऱ्याला आधी पाणी विचारावे. त्याचाही घाम वाळत नसतो.