भिंतीला घाम येऊ द्या!

दुष्काळ हा आम्हा नगरकरांचा ब्रँड आहे, बॉस! कॉलेजसाठी पुण्यात आले तेव्हा ‘मी नगरची’ म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "मग तुमच्याकडे पाण्याचं कसं?" मीही लगेच राळेगणसिद्धी, हिवरे बाजार अशी नावं फेकायचे. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं (तोंडात अजून नगरच बसलंय), पण टँकरची वाट बघणारा जिल्हा ही ओळख काही नावाबरोबर बदलली नाही. त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये एका पहाटे आईचा फोन आला, "घरात गुडघाभर पाणी आहे, आम्ही माळवदावर बसलोय," तेव्हा माझी पहिली रिअ‍ॅक्शन होती, "कोणाच्या घरात?"

आमच्याच. त्या महिन्यात मराठवाड्याला पावसाने झोडपलं आणि त्याला लागून असलेले आमचे पाथर्डी, शेवगाव, जामखेड तालुकेही त्यातून सुटले नाहीत. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. घरामागे एक ओढा आहे, ज्यात वर्षातले दहा महिने पोरं क्रिकेट खेळतात. त्या रात्री तो मागच्या दाराने आत आला आणि पुढच्या दाराने बाहेर पडला.

घर धाब्याचं. म्हणजे खाली मातीत रचलेले दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर पुन्हा पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात एसीला लाजवेल असा गारवा. पण अशा घरात पाणी चार तास उभं राहिलं, की दगडांमधली माती मऊ पडायला लागते. आई-अण्णा सुखरूप होते. प्रश्न होता, घर उभं राहणार का?

पहिल्या दोन दिवसांचं फार सांगत नाही. कुणावर ही वेळ आली तर एवढंच लक्षात ठेवा, की मेन स्विचला वायरमन येईपर्यंत हात लावायचा नाही, साफसफाईच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे आणि गाळ ओला असतानाच बाहेर ओढायचा. वाळला की तो सिमेंटसारखा बसतो. आडात टीसीएल पावडर पडली. तलाठी भाऊसाहेब पंचनामा करून गेले. (त्यांच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात एवढं लांब कोण म्हणणार?) दिवाण फुगून त्याचे कप्पे उघडेनात, फ्रिज आडवा, आईच्या लग्नातला शालू चिखलाच्या रंगाचा. आई म्हणाली, "असू दे, कुठं नेसत होते मी?" आणि मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ उभी राहिली.

खरी मजा पुढे सुरू झाली. म्हणजे माणसं शोधण्याची.

मी पुण्यात खराडीला नोकरी करते, भाऊ बंगळुरूला. आम्ही दोघं लॅपटॉप-पिढी. त्यामुळे पुण्यातल्या एका वॉटरप्रूफिंग एजन्सीला भिंतींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप केले. वीस मिनिटांत कोटेशन हजर! २ लाख ३५ हजार. आतून-बाहेरून सिमेंट प्लास्टर, त्यावर केमिकल कोटिंग आणि ‘दहा वर्षांची वॉरंटी’. भाऊ म्हणाला, "करून टाक ना यार, निम्मे मी भरतो." मी पीडीएफ शेवटपर्यंत वाचली. जमिनीतून वर चढणारी ओल वॉरंटीत बसत नाही, असं तळाला बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. आमच्याकडे दुसरी कुठली ओल होती? फोन करून विचारलं, तर तो एक्झिक्युटिव्ह गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ते स्टँडर्ड असतं." गावाचं नाव ऐकल्यावर साइट व्हिजिटचे पैसेही वेगळे झाले. घर न बघता भिंतीचा इलाज सांगणाऱ्याबद्दल माझं मत तिथेच पक्कं झालं.

इकडे अण्णांनी गावातल्या गवंडीमामांना बोलावलं होतं. मामा अण्णांचे विद्यार्थी, साठीला टेकलेले. आले, चहा प्यायले आणि थापीच्या दांड्याने भिंत ठोकत पूर्ण घरभर फिरले. कुठे टणटण, कुठे बद्द आवाज. उत्तरेच्या भिंतीपाशी थांबले, तिला दोन ठिकाणी लाकडाचे टेकू लावायला सांगितले आणि मग म्हणाले, "गुरुजी, भितीनं पोटभर पाणी पेलंय. आता तिला घाम येऊ द्या. खालचा गिलावा खरडून काढतो अन् मोकळी सोडतो. संक्रांतीपत्तूर कुणी सिमिट घेऊन आलं, तर दारातूनच माघारी लावा."

संक्रांतीपर्यंत? चार महिने? भाऊ फोनवर भडकलाच. त्याचं म्हणणं, हे घर पाडा, आरसीसी बांधा, नाहीतर दोघांना सरळ पुण्याला हलव. मला त्याचा राग आला, पण त्याची भीती खोटी नव्हती. रात्री ती भिंत बसली तर? अण्णा काही बोलत नव्हते. आई एकच बोलली, "मी कुठं येणार नाही."

मग मी रूममेटच्या बहिणीला फोन लावला. ती आर्किटेक्ट आहे, जुन्या वाड्यांची कामं करते. तिला मामांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "अगं, बरोबर सांगतायत ते!" फंडा असा, की चहात बुडवलेल्या साखरेच्या खड्यासारखी मातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि दोन्ही अंगांनी हळूहळू बाहेर सोडते. वरून सिमेंट थापलं की तिचा श्वास कोंडतो. ओल जाईल कुठे? आणखी वर चढते. पाण्यातले क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा लागतो आणि महागाच्या प्लास्टरचे पोपडे पडतात. चुन्याचा गिलावा मात्र ओल बाहेर जाऊ देतो. नगरमधला फराहबाग आठवा. सोळाव्या शतकातला निजामशाही महाल, चक्क तलावाच्या मधोमध बांधलेला, चुन्यातला. सिमेंट, केमिकल काही नाही, तरी इतकी शतकं उभा आहे.

ठरलं, मामाच! गवंड्याला दिवसाचे ९००, हाताखालच्या माणसाला ६००. टेकू लावलेल्या भिंतीलगतची खोली रिकामी केली आणि आई-अण्णांची झोपायची सोय महिनाभर चुलत्यांकडे केली. एवढ्यावर भाऊही गप्प झाला.

तेव्हा कळलं, की अण्णा का बोलत नव्हते. ३५ वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि त्याच्याही आधीपासून रोज डायरी लिहिली. सगळ्या वह्या कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत. म्हणजे नेमक्या पाण्यात! अण्णा त्या उन्हात मांडायला निघाले होते, आर्किटेक्टबाईंनीच थांबवलं. कडक उन्हात कागद वेडावाकडा होतो. सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये कोरा कागद घालून वाळवायचं आणि दोन दिवसांत उरकणार नाही तेवढ्या वह्या पिशवीत बंद करून चक्क डीप फ्रीजरमध्ये ठेवायच्या! बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढायची. जगभरची ग्रंथालयं भिजलेल्या पुस्तकांसाठी हेच करतात. तिसगावच्या आईस्क्रीमवाल्या काकांनी अख्खा एक फ्रीजर रिकामा करून दिला. महिनाभर कुल्फीच्या शेजारी अण्णांची नोकरी गोठलेली होती.

शाईच्या पेनने लिहिलेली पानं निळी धुवट झाली. बॉलपेनची बहुतेक वाचली. १९७२ च्या दुष्काळातली वही अण्णांनी शिसपेन्सिलीने लिहिली होती, ती अक्षर न् अक्षर शाबूत निघाली. सुकडी, खडी फोडायची कामं, कोणाची जनावरं गेली, सगळं. त्या संध्याकाळी अण्णा मोठ्याने वाचत बसले. मामा खोरं टेकवून ऐकत उभे होते, त्यांच्या वडिलांचं नाव त्यात होतं.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांनो, एक कामाची गोष्ट. गाडीचा, मोबाइलचा विमा आपण न विसरता काढतो, घराचा क्वचितच. २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात पूर येतो, टाकी ओसंडणं आणि पाइप फुटणंही येतं. पण वर्षानुवर्षं झिरपून आलेली ओल सहसा त्यात बसत नाही. त्यामुळे शेजारच्या बाथरूमचं पाणी तुमच्या बेडरूममध्ये उतरत असेल, तर पॉलिसीआधी प्लंबर शोधा आणि तो भिंतीला कान लावणारा असेल असं बघा.

आमचं काम फेब्रुवारीत संपलं. मामांनी चुना भिजत घातला, उत्तरेच्या भिंतीचा खालचा भाग उसवून दगड पुन्हा रचले, ओढ्याच्या बाजूने चर काढून पाण्याला वेगळी वाट करून दिली. एजन्सीच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी खर्च आला. आई-अण्णा आठ दिवस पुण्याला येऊन गेले. नवव्या दिवशी आईने पिशवी भरली. भावाचं आरसीसीचं पालुपद अजून चालू आहे, त्यावर पुढच्या पावसाळ्यानंतर बोलायचं ठरलंय. आणि ती एजन्सी मला अजूनही न चुकता व्हॉट्सअ‍ॅप करते, ‘मॅडम, मान्सून ऑफर, फ्लॅट टेन पर्सेंट ऑफ!’