ड्रम, माझे कान आणि ४००० हर्ट्झ

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नाही, की दर शनिवारी संध्याकाळी मी ड्रम शिकायला जातो. त्रेपन्नाव्या वर्षी सुरुवात केली. लहानपणी पाच वर्षं तबला शिकलो होतो, म्हणून वाटलं, जमेल. पण इथे पायांनाही कामं असतात, आणि माझा डावा पाय अजून उजव्याचंच ऐकतो.

आमचे सर (माझ्या मुलाच्या वयाचे) सध्या जॅझ-फंक शिकवतात. हर्बी हॅनकॉक यांचा १९७३ चा 'हेड हंटर्स' ऐकला असेल, तर त्यातले हार्वी मेसन यांचे ड्रम आठवा. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या दोन झांजांवर, बारीक ठोके देत राहतो. डावा हात स्नेअरवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ठसठशीत ठोका देतो. खरी गंमत मधल्या जागांत असते. तिथे डावी काठी बोटभर उंचीवरून नुसती पडू द्यायची. याला 'घोस्ट नोट' म्हणतात. नीट ऐकूही येत नाही, पण काढून टाकली की ठेका कोरडा पडतो. तबला ऐकणाऱ्याला हे सांगायला नको. शोभा गुर्टूंचे चिरंजीव, आपल्या मुंबईचे त्रिलोक गुर्टू, जमिनीवर बसून तबला आणि ड्रम शेजारी-शेजारी वाजवतात, ते एकदा बघाच.

मला मात्र जोरात बडवायलाच आवडायचं. दिवसभर रुग्ण तपासल्यावर बरं वाटतं, खोटं कशाला सांगू! खोली दहा बाय दहाची, क्लास दोन तासांचा. एकदा परतताना रिक्षाचे हॉर्न कापसातून आल्यासारखे वाटले. रात्री बारीक शिट्टी ऐकू आली. मी उठून फ्रिज बंद करून पाहिला, मग राउटर. शिट्टी माझ्या कानातच होती.

दर गणपतीत ढोल-ताशावाल्या पोरांना कान सांभाळा म्हणून सांगणारा मी, पुढचे तीन महिने तसाच वाजवत राहिलो. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राकडे श्रवणचाचणी केली. आलेखात ४००० हर्ट्झला खड्डा. "हाच आलेख तू पेशंटना दाखवतोस ना रे?" एवढंच तो म्हणाला.

मोठ्या आवाजाने बहुधा याच पट्ट्यात आधी इजा होते. आतल्या कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, ही नेहमीची मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं! जोरात वाजवलेला ड्रम १०० सहज ओलांडतो. सुरुवातीला तुम्हाला कमी ऐकू येतंय असं वाटतच नाही, गर्दीत समोरचा पुटपुटतोय असं वाटतं.

कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. फोमचे प्लग चालतात, पण त्यांनी हाय-हॅट बोथट होते. वादकांसाठी फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखे कमी करतात. कार्यक्रमानंतरची शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर चाचणी करून घ्या. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर 'मळ असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगाची शक्यता जास्त.

परवा पुन्हा चाचणी केली. खड्डा तिथेच आहे, वाढलेला नाही. शिट्टी रात्री येते, पंखा लावला की मागे पडते. प्लग घातल्यावर सुरुवातीला मला माझ्याच घोस्ट नोट ऐकू येईनात, म्हणून त्या मी जोरात मारू लागलो. सरांनी थांबवलं. "डॉक्टर, या मोठ्या नका करू. दुसरा आणि चौथा ठोका लहान करा."

सध्या तेच चाललंय, अगदी संथ लयीत.